पानांवरचे तपकिरी डाग: आधी निदान, फवारणी सगळ्यात शेवटी

जुळे सोलापुरात आमच्या इमारतीत घरटी चार-पाच कुंड्या आहेत. मार्च उजाडला की कुणी ना कुणी हातात डागाळलेलं पान घेऊन माझ्या दारात उभं असतं. तोवर बरंच काही करून झालेलं असतं. पान तपकिरी झालं म्हणून पाणी वाढवलं, तरी डाग वाढले म्हणून गावाकडून आणलेलं मूठभर डीएपी खत कुंडीत टाकलं, तेही लागू पडेना म्हणून कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशकाची पुडी आणून भर दुपारी फवारली. मग मूळचं दुखणं कोणतं आणि उपायांनी लावलेलं कोणतं, हे पान बघून मलाही सांगता येत नाही.

यातला एकेक उपाय आपापल्या जागी ठीक असतो. चुकतो तो क्रम. म्हणून खाली जे टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने करा आणि मी सांगितल्याशिवाय मधला एकही गाळू नका. मनी प्लांट, पीस लिली, स्नेक प्लांट, अरेका पाम, रबर प्लांट, ड्रेसिना, अग्लोनेमा, डिफेनबेकिया ही आपल्याकडे घराघरांत दिसणारी झाडं डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिते आहे. तुळस, कढीपत्ता, पुदिना अशी पोटात जाणारी झाडं यात धरलेली नाहीत. त्यांच्यावर सातव्या टप्प्यातलं काहीही फवारू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तपकिरी झालेला भाग मेलेला असतो आणि तो कधीच पुन्हा हिरवा होत नाही. "औषध मारून पंधरा दिवस झाले, डाग तसेच आहेत" ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते. डाग तसेच राहणारच. उपाय लागू पडला की नाही हे नव्या पानावर कळतं, जुन्यावर नाही.

## तयारी: हाताशी काय हवं

धारदार कात्री, मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट, कापूस, पांढरा कोरा कागद, बॉलपेन, बांबूची किंवा आइस्क्रीमची लाकडी काडी, जुनं वर्तमानपत्र, हातमोजे आणि एक-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालतो.

हातमोजे ऐच्छिक समजू नका. डिफेनबेकिया, पीस लिली, अग्लोनेमा, मनी प्लांट यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तोच हात डोळ्याला किंवा तोंडाला लागला तर चांगलीच आग होते. रबर प्लांटचा पांढरा चीकही काहींच्या कातडीला सोसत नाही. काम चालू असताना लहान मुलांना आणि मांजर-कुत्र्याला तिथून दूर ठेवा.

## टप्पा १: झाड बाजूला काढा आणि पेनाने गोल काढा

डाग दिसलेली कुंडी बाकीच्यांपासून निदान तीन-चार फूट दूर ठेवा. पानांवर पाण्याचा फवारा मारायचा असेल तर तो आजपासून बंद. खत बंद. ठरलेला वार आहे म्हणून पाणी घालणंही बंद. निदान होईपर्यंत झाडाला काहीही नवीन द्यायचं नाही.

आता बॉलपेन घ्या. तीन-चार डाग निवडा आणि प्रत्येकाच्या कडेला अगदी लागून हलक्या हाताने रेघ ओढा. त्याच पानाच्या कोपऱ्यात तारीख लिहा. पाच दिवसांनी बघा. डाग रेघेच्या आतच असेल तर दुखणं थांबलेलं आहे, बहुधा एकदाच कधीतरी ऊन लागलं, पाणी चुकलं किंवा धक्का बसला असेल. डाग रेघ ओलांडून पुढे गेला असेल तर दुखणं चालू आहे. दोन रुपयांच्या पेनाने होणारी ही तपासणी मला कुठल्याही औषधापेक्षा मोलाची वाटते. माझ्या खिडकीतल्या मनी प्लांटच्या एका पानावर अजूनही निळ्या शाईचं वर्तुळ आहे आणि त्याच्या बरोबर आत, शाईला न शिवता, वाळलेला तपकिरी ठिपका बसून आहे. त्या झाडाला मी काहीही केलं नाही. फक्त पश्चिमेच्या खिडकीतून सरकवलं.

सावध: पाच दिवस थांबणं जिवावर येतं. पण एका बाबतीत थांबायचं नाही. देठ किंवा खोडाचा बुंधा मऊ पडला असेल आणि कुबट वास येत असेल, तर आजच टप्पा ४ वर जा.

## टप्पा २: डाग नीट वाचा

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. पान तोडून खिडकीशी न्या, उजेडासमोर धरा आणि आरपार बघा. मग मागची बाजू बघा. मग झाडाकडे वळा आणि डाग कुठल्या पानांवर आहेत ते बघा: खालच्या जुन्या, वरच्या कोवळ्या, की फक्त खिडकीकडच्या.

टोकं आणि कडा वाळलेल्या, बाकी पान हिरवं. सोलापुरात दहातली बहुतेक प्रकरणं मला हीच दिसतात. कारण पाण्यातले क्षार, जास्त खत किंवा उन्हाळ्याची कोरडी हवा. कुंडीच्या काठावर आणि मातीच्या वर पांढरट पापुद्रा आहे का बघा. असेल तर क्षारच. ड्रेसिना आणि स्पायडर प्लांट पाण्यातल्या फ्लोराइडलाही हळवे असतात. सुपर फॉस्फेटमध्येही फ्लोराइड असतं, म्हणून या दोघांना ते खत देऊ नये.

पानाच्या मध्यावर फिकट, कागदासारखे पातळ चट्टे, तेही फक्त उजेडाकडच्या बाजूला. ऊन लागलं आहे. पांढऱ्या-हिरव्या मनी प्लांटचा पांढरा भाग आधी भाजतो, कारण त्यात हरितद्रव्यच नसतं.

खालची पानं पिवळी होऊन मऊ, गडद तपकिरी चट्टे. पाणी जास्त झालंय आणि मुळं कुजायला लागली आहेत. गंमत अशी की मुळं कुजलेलं झाड पाणी न मिळालेल्या झाडासारखंच माना टाकतं, आणि माणूस त्याला आणखी पाणी घालतो.

विखुरलेले गोल डाग, कोरडे, आत एकात एक वर्तुळं, कधी मधोमध काळे बारीक ठिपके. बुरशी. ते काळे ठिपके म्हणजे बुरशीची बीजं तयार होण्याच्या जागा.

डाग ओलसर, तेल सांडल्यासारखे, उजेडात अर्धपारदर्शक, शिरांनी अडवल्यामुळे कोनाकोनाचे, भोवती पिवळी कडा. जिवाणू. ज्यांच्या घरी डाळिंबाची बाग आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या बागायतदारांना छळणारा तेल्याही जिवाणूचाच रोग, आणि त्याचे कोवळे डाग असेच तेलकट दिसतात. घरातल्या अग्लोनेमा, डिफेनबेकिया, सिंगोनियम, अँथुरियमवर येणारा जिवाणू त्याच कुळातला, पण तेल्याच तो नव्हे. डाळिंबावरून तो मनी प्लांटवर येत नाही, तेव्हा घाबरू नका.

सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके, पान आधी निस्तेज आणि मग तांबूस, मागे बारीक जाळी. लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले कण चालू लागले तर कोळीच. आपल्या मार्च ते मेच्या कोरड्या हवेत त्यांची पिढी आठवड्याभरात तयार होते.

बुरशी की नुसता वाळलेला चट्टा हे ठरत नसेल तर डागाळलेलं पान ओल्या टिश्यू कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. डागाच्या जागी लव उगवली तर बुरशीची शक्यता वाढते. शक्यताच म्हणते, कारण मेलेल्या पानावर साधी बुरशीही उगवते. पेनाची रेघ आणि पिशवी, दोन्हींनी एकच उत्तर दिलं तर ते धरून चाला.

तपासा: डाग झाडाच्या एकाच बाजूला असतील तर ऊन, वारा किंवा कूलर. सगळ्या पानांची फक्त टोकं असतील तर पाणी किंवा खत. एका पानावरून शेजारच्या पानावर, मग शेजारच्या कुंडीवर असे सरकत असतील तरच रोग किंवा कीड. ही एक ओळ वहीत उतरवून ठेवली तरी निम्म्या फवारण्या वाचतील.

## टप्पा ३: काटछाट

कात्री स्पिरिटच्या कापसाने पुसा, वाळू द्या, मग कापा. रोगाचा संशय असेल तर प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. डाळिंबवाले एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री निर्जंतुक करतात ते याचसाठी. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅसजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ हे काम नको.

रोगट पान देठासकट काढा. नुसती टोकं वाळली असतील तर पूर्ण पान काढू नका. टोक पानाच्या मूळ आकारात तिरकं कापा आणि कापताना तपकिरी भागाची दोऱ्याएवढी कड मागे सोडा. हिरव्यात कात्री गेली की ताजी जखम होते आणि ती कड पुन्हा वाळत आत सरकते.

एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढायची नाहीत. निम्म्याहून जास्त झाड डागाळलं असेल तर सर्वांत खराब तेवढी आज काढा, उरलेली नवी पानं आल्यावर.

कापलेली पानं कुंडीतच टाकणं ही नेहमीची चूक आहे. कंपोस्टमध्येही नाही. पिशवीत बांधून थेट घंटागाडीत.

पानं पुसण्याबद्दल इथेच सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आणि तिची किंमत मोजली. एका नर्सरीतून आणलेल्या अग्लोनेमावर दोन तेलकट ठिपके होते. मी ते धुळीचे डाग समजले. जुन्या सोलापुरी टॉवेलचा मऊ तुकडा ओला करून त्याचं प्रत्येक पान पुसलं, आणि त्याच तुकड्याने पुढच्या चार कुंड्या. तीन आठवड्यांत त्यातल्या तिघींवर तेच ठिपके आले आणि एक डिफेनबेकिया बुंध्यापासून मऊ पडून गेली. तेव्हापासून प्रत्येक झाडाला वेगळा तुकडा, वापरून झाला की गरम पाण्यात उकळून वाळत. आजारी झाड पुसायचंच नाही.

पानं चमकावीत म्हणून खोबरेल तेल लावू नका. पानाची छिद्रं बुजतात आणि त्यावर धूळ आणखी चिकटते.

## टप्पा ४: मुळं आणि माती

टोकं वाळण्याचं कारण स्पष्ट दिसत असेल आणि माती भुसभुशीत असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा. बाकी सगळ्यांनी कुंडी उपडी करायची.

वर्तमानपत्र पसरा, कुंडी आडवी धरा, कडेने थोपटा आणि मातीचा गोळा बाहेर येऊ द्या. झाडाला धरून ओढू नका. निरोगी मूळ पांढरं किंवा पिवळसर असतं आणि चिमटीत टणक लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं, बुळबुळीत. संशय आला तर मूळ चिमटीत धरून हळूच ओढा. माझ्या पीस लिलीची मुळं मी अशी ओढली तेव्हा वरची साल मोज्यासारखी सुटून माझ्या बोटांत आली आणि आत फक्त दोऱ्यासारखी तार उरली. त्या झाडाची टोकं काळी पडत होती आणि मी दीड महिना त्याला पाणी कमी पडतंय असं समजत होते.

कुजलेली सगळी मुळं पुसलेल्या कात्रीने कापून टाका. जुनी माती झटकून टाका, ती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

आपल्याकडची काळी माती शेतात ज्वारीला सोन्यासारखी आहे, कुंडीत मात्र ती झाडाचा श्वास कोंडते. ओली झाली की फुगून चिकट होते, हवा जायला जागा राहत नाही. वाळली की आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या बशीत उतरतं. बशी भरलेली बघून वाटतं पाणी पुरलं, पण गोळा आतून कोरडाच असतो. घरातल्या कुंडीत ती नकोच.

मी वापरते ते मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग चाळलेली जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके दाणे). कोकोपीट आधी बादलीत भिजवून दोन वेळा पिळून, पाणी बदलून धुवा, कारण त्यात बरेचदा क्षार असतात. नेमक्या त्याच दुखण्यासाठी आपण ही सगळी खटपट करत असतो. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटला वाळूचा भाग दुप्पट.

नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा बोटभर मोठी, त्याहून नाही. मुळं कापली असतील तर आधीपेक्षा लहान कुंडी घ्यायलाही कचरू नका. तळाला खड्यांचा थर घालू नका. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओल खड्यांच्या वर मातीत अडकते आणि मुळांच्या जवळ येते. भोकावर खापरीचा तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे.

सावध: कुंडी बदलल्यावर चार ते सहा आठवडे खत नाही. जखमी मुळांना खताचे क्षार झोंबतात.

तपासा: पाणी घातल्यावर मिनिटभरात ते खालून निघायला हवं. वर साचून राहत असेल तर मिश्रणात वाळू कमी पडली.

## टप्पा ५: पाणी, म्हणजे आपल्या शहरातलं खरं कारण

नळाला उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, मग टाकीत साठतं, आणि कमी पडलं की बोअरचं मिसळतं. बोअरचं पाणी जड. बादलीच्या आतल्या बाजूला आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच कुंडीत बसतो. झाड पाणी वर ओढतं, क्षार मागे राहतात आणि महिन्यागणिक साठत जातात. म्हणून उन्हाळ्यात जितकं पाणी जास्त, तितकी टोकं जास्त वाळलेली.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. आकडा ३०० च्या आत असेल तर चिंता नको. ५०० च्या पुढे गेला की कॅलाथिया, ड्रेसिना, पीस लिली, स्पायडर प्लांट कुरकुरायला लागतात. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट बरंच सोसतात.

पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्षार जातात, असं पुष्कळांना वाटतं. जातो तो क्लोरीन. क्षार जागच्या जागी राहतात, पाणी उडालं तर उलट थोडे दाटच होतात.

कुठलं पाणी चालतं? पावसाचं सर्वांत चांगलं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतली वाफ थंड होऊन तयार झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. नळीखाली स्वच्छ बादली लावा. आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी नळाच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून द्या.

न चालणारी पाणी तीन. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी, कारण त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार दाट असतात. वाया जाऊ नये म्हणून ते कुंड्यांना घालण्यामागची तळमळ मला कळते, पण ते फरशी पुसायला आणि संडासात वापरा. दुसरं, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी. दिवसभर पाणी उडून गेलेलं असतं आणि क्षार मागे साठलेले असतात. तिसरं, इमारतीला मिठावर चालणारं सॉफ्टनर बसवलेलं असेल तर त्याचं पाणी. थर बसत नाही म्हणून ते मऊ वाटतं, पण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं आणि ते मुळांना अधिक वाईट.

क्षार साठलेच असतील तर कुंडी धुवावी लागते. वरचा पांढरा पापुद्रा अर्धा इंच मातीसकट खरवडून काढा. मग कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट हलकं पाणी सावकाश, थांबून थांबून ओता आणि खालून पूर्ण निथळू द्या. दोन लिटरच्या कुंडीला चार लिटर. पाण्याच्या टंचाईत हे जड जातं, म्हणून मी एसीचं पाणी साठवून दोन महिन्यांतून एकदा करते आणि पावसाळ्यात कुंड्या थेट पावसात ठेवते. मुळं कुजलेल्या झाडाला मात्र ही धुलाई नको.

पाणी कधी द्यायचं हे वारावर ठरवू नका. लाकडी काडी मातीत दोन इंच खुपसा, मिनिटभराने काढा. काडी ओलसर निघाली किंवा माती चिकटली तर आज पाणी नाही. कोरडी निघाली तर खालून निथळेपर्यंत द्या, आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. वेळ सकाळची. पाणी मातीवर, पानांवर नाही. बुरशीच्या बीजाला रुजायला पान काही तास सलग ओलं लागतं, आणि रात्री घातलेलं पाणी तिला तेच देतं.

## टप्पा ६: जागा

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा पश्चिमेच्या काचेला चिकटलेलं पान भाजणारच. कुंडी खिडकीपासून तीन फूट आत घ्या किंवा मध्ये पातळ सुती पडदा सोडा. पूर्वेची खिडकी बहुतेक घरातल्या झाडांना वर्षभर मानवते.

कूलरचा झोत सरळ पानांवर नको. झोतात उडणारे बारीक थेंबही क्षारांचे, ते पानावर वाळून पांढरे आणि मग तपकिरी ठिपके पडतात. मागे एका शेजारीण काकूंच्या अरेका पामचं कोडं याच एका गोष्टीने सुटलं. डाग फक्त कूलरकडच्या झावळ्यांवर होते.

नर्सरीतून नवीन आणलेलं झाड शेडनेटच्या ओलसर हवेत वाढलेलं असतं. आपल्याकडच्या कोरड्या हॉलमध्ये पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याची काही पानं डागाळतात. ते त्याचं रुळणं आहे. तेवढे दिवस ते इतरांपासून वेगळं, मध्यम उजेडात ठेवा आणि रोज पानांची मागची बाजू बघा.

## टप्पा ७: फवारणी, लागली तरच

क्षार, ऊन, पाणी यांच्या डागांवर कुठलंही औषध चालत नाही. दुसऱ्या टप्प्यात बुरशी, जिवाणू किंवा कोळी निघाले असतील, आणि तीन ते सहा टप्पे करून झाले असतील, तरच पुढे वाचा.

लाल कोळी. आधी औषध नको. झाड न्हाणीघरात आडवं धरून पानांची मागची बाजू नळाच्या जोरकस धारेने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून १-२ मिली सौम्य द्रव साबण घालून संध्याकाळी दोन्ही बाजूंना फवारा. कपड्याची पावडर वापरू नका. पाच-सहा दिवसांनी पुन्हा, असं तीन वेळा. एकदा करून थांबलात तर अंड्यांतून नवी फौज येते. बुरशीनाशकाने कोळी जात नाहीत, हेही लक्षात असू द्या.

बुरशी. मँकोझेब ७५ टक्के, लिटरला २ ग्रॅम, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला २.५ ग्रॅम. दोन्ही पानाच्या वर राहतात आणि नवीन बीज रुजू देत नाहीत. आत शिरलेली बुरशी ती मारत नाहीत, म्हणून आधी कात्री आणि मग फवारा. १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन किंवा फार तर तीन वेळा.

जिवाणू. कॉपर ऑक्सिक्लोराइड त्याच प्रमाणात. ते पसरणं कमी करतं, बरं करत नाही. शेतातलं उरलेलं प्रतिजैविक घरातल्या झाडावर फवारू नका. खोड मऊ पडलेलं असेल तर झाड मातीसकट पिशवीत बांधून टाका आणि कुंडी साबणाने धुवून उन्हात वाळवा. मन होत नाही, पण त्या एका झाडापायी बाकीची जातात.

फवारताना क्रम असा. डब्यावरचं लेबल पूर्ण वाचा. त्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. ग्रॅम मोजायला छोटा डिजिटल काटा वापरा. स्वयंपाकघरातला चमचा नको, कारण प्रत्येक पावडरचं वजन वेगळं, आणि तो चमचा पुन्हा भांड्यांत जातो. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग लिटर पूर्ण करा. झाड बाल्कनीत किंवा गच्चीवर न्या. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. एकाच पानावर फवारून दोन दिवस थांबा, पान भाजलं नाही तर बाकी झाड. ऊन उतरल्यावर, वारा पडलेला असताना. पान पूर्ण वाळल्यावरच झाड घरात.

सावध: दोन औषधं एकत्र करू नका. उन्हाळ्यात गंधक फवारू नका, ३२ अंशांच्या वर ते पान जाळतं, आणि आपल्याकडे मार्चमध्ये रात्र पडेपर्यंत पारा त्याखाली येत नाही. उरलेलं द्रावण साठवून ठेवू नका, मोरीतही ओतू नका. म्हणून लागेल तेवढंच, पाव किंवा अर्धा लिटर बनवा.

हळद, दालचिनी, ताक, खाण्याचा सोडा यांबद्दल रोज विचारणा होते. पसरत चाललेला डाग यांनी थांबलेला मी पाहिलेला नाही. खाण्याचा सोडा तर स्वतःच क्षार आहे, आणि दूध-साखरेच्या चहाची पावडर कुंडीत घातली की आठ दिवसांत चिलटं येतात.

## टप्पा ८: सहा आठवडे नोंद ठेवा

आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीत, त्याच बाजूने मोबाइलवर फोटो काढा. दोन गोष्टी बघायच्या: पेनाच्या रेघा ओलांडल्या गेल्या का, आणि नवं पान स्वच्छ उलगडतंय का. लागोपाठ दोन नवी पानं डागाशिवाय आली की झाड सुधारलं समजा आणि त्याला परत इतरांत ठेवा. खत त्यानंतर सुरू करायचं, तेही पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं की टोकं पुन्हा जळतात.

नवं पान उलगडतानाच डागाळलेलं आलं तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा. औषधाचं प्रमाण वाढवू नका. निदान चुकलेलं असतं, औषध नाही.

## पुन्हा होऊ नये म्हणून, महिन्यांच्या हिशेबाने

फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन चढण्याआधी, कुंड्या पश्चिमेच्या खिडकीतून हलवा आणि एकदा धुऊन क्षार काढा. मार्च ते मे दर आठवड्याला पांढऱ्या कागदाची टिचकी. कुंड्या जवळजवळ ठेवल्या की हवेत थोडी ओल राहते, पण आजारी झाड त्या घोळक्यात नको.

जून-जुलैमध्ये आपल्याकडे पाऊस रिमझिमच असतो, जोर बहुतेकदा सप्टेंबरमध्ये. बुरशीचा खरा काळ तोच. तेव्हा पाणी निम्म्यावर आणा, पानं एकमेकांना घासणार नाहीत इतकं अंतर ठेवा, संध्याकाळी तासभर पंखा चालू ठेवा. पावसात ठेवलेल्या कुंड्या सलग दोन दिवसांपेक्षा जास्त भिजू देऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हाला भुलून एकदम पाणी वाढवू नका, काडी खुपसून बघा.

सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, झाडांची वाढ मंदावलेली असते. याच दिवसांत यात्रेत किंवा रस्त्याकडेच्या गाड्यांवर नवी रोपं घेतली जातात. घेताना पान उलटून बघा, बुंधा चिमटीत दाबून बघा, पिशवीच्या खालच्या भोकातून डोकावणाऱ्या मुळांचा रंग बघा. पांढरी असतील तर घ्या, आणि घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या खिडकीत ठेवा.